आठ तासांच्या अलीकडे, पलीकडे

लुक व्हॅन लिर्ड या बेल्जियन खेळाडूचे दोन आकडे ट्रायथलॉनच्या जगात जवळपास दीड दशक कोणालाही पुसता आले नाहीत. पहिला आकडा ऑक्टोबर १९९६चा, हवाई बेटांतल्या कोनाचा: ८ तास ४ मिनिटे ८ सेकंद. दुसरा जुलै १९९७चा, जर्मनीतल्या रोट गावचा: ७ तास ५० मिनिटे २७ सेकंद. शर्यत दोन्हीकडे एकाच अंतराची. आधी ३.८ किलोमीटर पोहायचे, मग मुंबई-नाशिक रस्त्याएवढी, म्हणजे १८० किलोमीटर सायकल हाणायची आणि सायकल टाकल्याबरोबर ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन धावायची. कोनाची शर्यत सर्वांत मानाची, पण तिथला आकडा त्या मार्गापुरता विक्रम होता. रोटचा आकडा जगातल्या सगळ्या मार्गांवरचा सर्वोत्तम.

दोन्ही आकडे गेले ते २०११ साली, तेही जुलै ते ऑक्टोबर या अवघ्या चार महिन्यांत. मधल्या काळात सायकली हलक्या आणि वारा कापणाऱ्या झाल्या, हृदयाचे ठोके आणि पायांची ताकद मोजणारी यंत्रे हँडलवर आली, व्यावसायिक खेळाडूंची संख्या वाढली, नवनव्या देशांत शर्यती भरू लागल्या. तरी हे आकडे जागचे हलले नव्हते. माणसाची धाव इथेच संपते, असे तेव्हा कोणाला वाटले असेल तर नवल नाही. पण २०११मध्ये जे घडले त्यावरून उलटेच दिसले. इतकी वर्षे हे आकडे कशाच्या जोरावर टिकले, हे कळण्यासाठी या अंतराच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

तीन शर्यतींची बेरीज

१९७७ साली ओआहू बेटावर एका सांघिक धावशर्यतीचा बक्षीस समारंभ चालू होता. पोहणारे जास्त तंदुरुस्त की धावणारे, असा वाद तिथे निघाला. अमेरिकन नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्यात सायकलवाल्यांनाही ओढले. एडी मर्क्स या बेल्जियन सायकलपटूच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सगळ्यांत जास्त असल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. निकाल लावण्यासाठी जॉन आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी बेटावर आधीपासून चालत आलेल्या तीन गोष्टी एकापुढे एक जोडल्या: वायकीकीच्या समुद्रातली २.४ मैलांची पोहण्याची शर्यत, बेटाला वळसा घालणारी ११५ मैलांची सायकल फेरी आणि होनोलुलू मॅरेथॉन. सायकल फेरीतले तीन मैल त्यांनी वगळले, कारण तसे केले की पोहणे संपते तिथून निघून थेट मॅरेथॉनच्या सुरुवातीशी पोहोचता येत होते. आज जगभरातली माणसे ज्या अंतरासाठी वर्षानुवर्षे घाम गाळतात, ते असे सोयीसोयीने ठरले.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण पाण्यात उतरले आणि बारा जण शेवटपर्यंत पोहोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलरला पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ लागला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या साथीदारांजवळचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्यांनी त्याच्या हाती बिअर दिली. पुढच्या वर्षी लिन लेमेअर ही पहिली स्त्री शर्यतीत उतरली. १२:५५:३८ एवढ्या वेळात तिने ती पूर्ण केली आणि पुरुष धरून पाचवा क्रमांक मिळवला.

तोपर्यंत हा सगळा हौशी मामला होता. १९८०मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातला डेव्ह स्कॉट नावाचा पोहण्याचा प्रशिक्षकही आला. त्याने ९:२४:३३ वेळ दिली. आदल्या वर्षीच्या विजेत्याहून हा आकडा पावणेदोन तासांपेक्षाही जास्त फरकाने कमी होता. पूर्ण करणे हाच पराक्रम मानल्या गेलेल्या या अंतरावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शर्यत करता येते, हे स्कॉटने दाखवले. घड्याळाला खरा अर्थ आला तो तिथून.

स्कॉट आणि ॲलन

१९८१मध्ये शर्यत हवाईच्या मोठ्या बेटावर, कोनाला हलली. तिथे सायकलचा बराचसा रस्ता लाव्हाच्या काळ्या पठारातून जातो. सावलीचे नाव नाही, बाजूने वारा ढकलतो आणि दुपारी डांबर तापते. या मार्गावर स्कॉटने एकामागून एक विजेतेपदे मिळवली. १९८६पर्यंत त्याने वेळ ८:२८:३७ इतकी खाली आणली होती.

त्याच्या मागे मार्क ॲलन होता. ॲलनकडे वेग होता. छोट्या अंतराच्या शर्यतींत त्याला तोड नव्हती. पण कोनात तो सहा वेळा उतरला आणि सहाही वेळा हात हलवत परतला. १९८४मध्ये सायकलवरून उतरताना त्याच्याकडे सुमारे बारा मिनिटांची आघाडी होती, तरी मॅरेथॉनमध्ये तो पाचव्या क्रमांकावर घसरला. १९८७मध्ये पुन्हा पुढे असताना स्कॉटने त्याला गाठले आणि शर्यतीनंतर ॲलनला इस्पितळात न्यावे लागले.

या अपयशांमागचे कारण शरीरशास्त्राच्या साध्या हिशेबात आहे. स्नायू आणि यकृतात साठलेली साखर जोरकस श्रमाला दोनेक तासच पुरते. त्यानंतर शरीराला चरबी जाळत आणि वाटेत खाल्लेले पचवत पुढे जावे लागते. सायकलवर वाऱ्याचा अडथळा मोडण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट करायचा तर आठपट ताकद हवी. म्हणून सायकलवर मिळवलेली दोन-चार मिनिटे फार महाग पडतात आणि त्यांची किंमत मॅरेथॉनच्या शेवटच्या पंधरा किलोमीटरमध्ये चुकवावी लागते. ॲलनने प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या सल्ल्याने हृदयाचे ठोके एका ठरावीक आकड्याच्या वर जाऊ न देता महिनोन् महिने सराव केला. उपजत वेगवान असलेल्या माणसाला हळू जायला शिकावे लागले.

१९८९ हे वर्ष या खेळाच्या इतिहासात वेगळे काढावे असे. पुढे झुकून कोपरे टेकवायचे नवे हँडल नुकतेच आले होते. ग्रेग लेमाँडने तसेच हँडल वापरून जुलैमध्ये टूर द फ्रान्स ८ सेकंदांनी जिंकली. त्याच वर्षी जपानमध्ये, बिवा सरोवराकाठच्या शर्यतीत, स्कॉटने ८:०१:३२ वेळ दिली. आठ तासांपासून फक्त ९२ सेकंद दूर! ऑगस्टमध्ये ॲलनने फ्रान्समधल्या अविन्यों येथे १.५, ४० आणि १० किलोमीटर अशा छोट्या अंतराचे पहिले अधिकृत जगज्जेतेपद जिंकले. आणि ऑक्टोबरमध्ये दोघे कोनाला समोरासमोर आले.

१४ ऑक्टोबरला दोघे जवळजवळ आठ तास हाकेच्या अंतरात राहिले. पोहताना, सायकलवर, मग धावताना खांद्याला खांदा लावून. मॅरेथॉनचे तीनेक किलोमीटर उरले असताना शेवटच्या चढावर ॲलन सुटला आणि ५८ सेकंदांनी जिंकला. त्याची वेळ ८:०९:१५, स्कॉटची ८:१०:१३. तिसरा आलेला ग्रेग वेल्श बावीस मिनिटांनी मागे होता. स्कॉटच्याच जुन्या विक्रमातून दोघांनी मिळून अठरा-एकोणीस मिनिटे काढली होती. नव्या हँडलचा त्यात वाटा होताच. पण एकट्याने धावताना दोघांपैकी कोणीही तिथवर पोहोचला नसता, असे मला वाटते. ॲलनची त्या दिवशीची मॅरेथॉन, २:४०:०४, कोनात पुढची सत्तावीस वर्षे कोणालाही मोडता आली नाही.

रोटचा कालवा

आठ तासांची रेघ मात्र हवाईत पुसली जाणार नव्हती. त्यासाठी थंड हवा, चांगले रस्ते आणि शांत पाणी हवे होते. हे तिन्ही न्यूरेम्बर्गच्या दक्षिणेला असलेल्या रोट या छोट्याशा बव्हेरियन गावात सापडले. १९८४पासून तिथे ट्रायथलॉन होत असे आणि १९८८पासून पूर्ण अंतराची शर्यत होऊ लागली. पोहणे मेन-डॅन्यूब कालव्यात, म्हणजे ना लाटा ना भरती-ओहोटी. सायकलचा मार्ग चढउतारांचा, पण गुळगुळीत. हिल्पोल्टश्टाइनजवळच्या सोलार टेकडीवर प्रेक्षकांची इतकी दाटी होते की सायकलस्वाराला जेमतेम एक अरुंद वाट उरते.

१९९१मध्ये नेदरलँड्सच्या थेआ सिबेस्माने तिथे ८:५५:२९ वेळ दिली आणि नऊ तासांच्या आत येणारी ती पहिली स्त्री ठरली. १९९४मध्ये कोनाची अनभिषिक्त सम्राज्ञी पॉला न्यूबी-फ्रेझरने तो आकडा ८:५०:५३वर आणला. १९९६मध्ये लोथार लेडर या जर्मन खेळाडूने ७:५७:०२ नोंदवली. आठ तासांच्या पलीकडे प्रथमच कोणी पोहोचले. स्कॉटच्या जपानमधल्या शर्यतीनंतर त्या ९२ सेकंदांसाठी सात वर्षे लागली होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हॅन लिर्ड कोनाला आला. तो छोट्या अंतराचा खेळाडू होता. त्याच वर्षी त्या अंतराच्या जागतिक स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले होते. कोनाचा मार्ग त्याला नवा, आणि तिथे तोवर एकही युरोपीय पुरुष जिंकलेला नव्हता. सायकलवर त्याला तीन मिनिटांची शिक्षा झाली आणि तेवढा वेळ थांबावे लागले. पुढे जर्मनीचा थोमास हेलरीगल ४:२४:५० या विक्रमी वेळेत सायकल संपवून धावायला लागला होता. व्हॅन लिर्डने २:४१:४८ ची मॅरेथॉन धावून त्याला गाठले आणि दोन मिनिटांना एक सेकंद कमी एवढ्या फरकाने हरवले. वेळ ८:०४:०८. ॲलनचा १९९३चा ८:०७:४५ हा विक्रम मोडला. शिक्षेची तीन मिनिटे वजा केली तर तो आठ तासांच्या उंबरठ्यावरच होता.

पुढच्या जुलैत रोट येथे त्याने ७:५०:२७ नोंदवली. त्याच शर्यतीत युर्गेन त्सेक ७:५१:४२ मध्ये आला. पहिल्या दोघांत सव्वा मिनिटाचे अंतर. स्कॉट-ॲलनप्रमाणे इथेही वेळ खाली आणायला दुसरा माणूस हजर होता.

चौदा वर्षे

त्यानंतर आकडा गोठला. स्त्रियांच्या बाजूला न्यूबी-फ्रेझरची १९९४ची वेळ २००८पर्यंत टिकली आणि पुरुषांच्या बाजूला व्हॅन लिर्डची १९९७ची वेळ २०११पर्यंत. दोन्हीकडे चौदा वर्षे.

याचे मोठे कारण मला ऑलिंपिकमध्ये दिसते. १९९४मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ट्रायथलॉनला सिडनीच्या खेळांसाठी प्रवेश दिला. अंतर ठरले छोटे, आणि सायकलवर दुसऱ्याच्या मागे चिकटून, त्याच्या आडोशाने जाण्याची, म्हणजे ड्राफ्टिंगची, मुभा मिळाली. लांब अंतरावर याला बंदी असते. देशोदेशीच्या क्रीडा संघटनांचा पैसा पदकांच्या मागे जातो, त्यामुळे वेगवान तरुण मुलेमुली तिकडे वळली. दहा किलोमीटर अर्ध्या तासाच्या आसपास धावू शकणारी माणसे आपली उमेदीची वर्षे २०००, २००४ आणि २००८च्या तयारीत घालवत होती. लांब अंतराच्या शर्यतींत दर्जेदार खेळाडू होते. ऑस्ट्रेलियाचा ख्रिस मॅककॉर्मॅक छोट्या अंतराचा माजी जगज्जेता. सिडनीच्या संघात निवड न झाल्याने तो इकडे वळला आणि २००४ ते २००७ सलग चार वर्षे रोट जिंकला. जर्मनीच्या नॉर्मान श्टाडलरने २००६मध्ये कोनाची सायकल ४:१८:२३ मध्ये संपवली. पण प्रत्येकाचा एखादाच विषय भक्कम असे आणि त्याला शेवटपर्यंत पळवणारा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी क्वचितच मिळे.

इथे एक गणित करून पाहण्यासारखे आहे. २०११च्या आधी कोनातले सर्वांत जलद पोहणे लार्स यॉर्गेन्सनचे, १९९८चे, ४६:४१. सर्वांत जलद सायकल श्टाडलरची. सर्वांत जलद मॅरेथॉन ॲलनची. तिन्हींची बेरीज ७:४५:०८ येते. प्रत्यक्षात मात्र कोणीही ८:०४:०८च्या आत आलेले नव्हते. फरक बरोबर १९ मिनिटांचा. खेळाडूच्या क्षमतेविषयी बोलताना आपण नेहमी अशी बेरीज करतो: अमक्याचे पोहणे चांगले, सायकल उत्तम, धावण्याची वेळ अशी अशी, म्हणजे विक्रम नक्की. पण या बेरजेतला यॉर्गेन्सन पाण्यातून बाहेर आल्यावर मागे पडतो, श्टाडलरचे पाय धावताना जड होतात आणि ॲलनने पोहण्यात व सायकलवर काही राखून ठेवलेले असते. कागदावरचा तो विक्रमवीर म्हणजे तीन वेगवेगळी माणसे होती.

क्रिसी वेलिंग्टन

या साचेबद्ध हिशेबाला पहिला धक्का दिला तो एका अशा बाईने, जिच्याबद्दल कोणी बेरीजच केली नव्हती. क्रिसी वेलिंग्टन ब्रिटनच्या पर्यावरण खात्यात काम करत होती. पुढे ती नेपाळमध्ये एका ग्रामीण विकास संस्थेत गेली. तिथल्या डोंगरांत सायकल चालवताना आपल्या अंगात किती दम आहे हे तिला कळले. २००६मध्ये ती हौशी गटात जगज्जेती झाली, २००७च्या सुरुवातीला व्यावसायिक झाली, ऑगस्टमध्ये कोरियात पहिली पूर्ण अंतराची शर्यत जिंकली आणि ऑक्टोबरमध्ये थेट कोना. कोनात जिंकली तेव्हा ती तिशीची होती आणि या अंतराच्या जाणकारांतही तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. २००८मध्ये कोनात तिचे चाक पंक्चर झाले. हवा भरायला गॅसची नळी उरली नव्हती. रस्त्याच्या कडेला मिनिटे जात असताना रेबेका कीट या प्रतिस्पर्धी ऑस्ट्रेलियन खेळाडूने जाता जाता आपली नळी तिला दिली. तरी वेलिंग्टन सुमारे पंधरा मिनिटांनी जिंकली.

स्त्रियांची जागतिक वेळ २००८च्या जुलैत नेदरलँड्सच्या इव्होन व्हॅन व्लेर्केनने रोट येथे ८:४५:४८ अशी खाली आणली होती. पुढच्या वर्षी वेलिंग्टन त्याच मार्गावर ८:३१:५९ मध्ये आली, २०१०मध्ये ८:१९:१३ मध्ये. चौदा वर्षे न हललेला न्यूबी-फ्रेझरचा आकडा दोन वर्षांत अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला. कोनातही तिने न्यूबी-फ्रेझरची १९९२ची ८:५५:२८ ही वेळ २००९मध्ये ८:५४:०२ अशी मोडली.

वेलिंग्टनला मागून ढकलणारे कोणी नव्हते. तिच्या शर्यती बहुधा घड्याळाशीच असत. माझ्या वरच्या युक्तिवादाला ती मोठा अपवाद आहे आणि तो मान्यच करावा लागतो. पण तिने एक गोष्ट लख्ख दाखवली: चौदा वर्षे टिकलेला आकडा माणसाच्या हद्दीजवळचा असेलच असे नाही. पुरुषांच्या बाजूलाही तसेच असेल का, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो.

२०११

३ जुलै २०११ रोजी ऑस्ट्रियातल्या क्लागनफुर्टला बेल्जियमच्या मारिनो व्हॅनहोनाकरने ७:४५:५८ वेळ दिली. देशबांधव व्हॅन लिर्डचा आकडा त्याने साडेचार मिनिटांनी मागे टाकला. त्याचा विक्रम बरोबर सात दिवस टिकला.

१० जुलैला रोट येथे आंद्रेआस रेलर्ट उतरला. जर्मनीचा हा खेळाडू सिडनी ऑलिंपिकमध्ये बारावा आणि अथेन्समध्ये सहावा आला होता. म्हणजे ज्या पिढीला ऑलिंपिकने आपल्याकडे ओढून नेले होते, तीच आता लांब अंतराकडे परतत होती. त्याने कालवा ४६:१८ मध्ये पार केला, सायकल ४:११:४३ मध्ये संपवली आणि मॅरेथॉन २:४०:५२ मध्ये धावली. एकूण ७:४१:३३. त्याच दिवशी त्याच मार्गावर वेलिंग्टनने २:४४:३५ ची मॅरेथॉन धावून ८:१८:१३ नोंदवली. पुरुष आणि स्त्रिया, दोघांच्याही सर्वोत्तम वेळा एकाच गावात एकाच दिवशी बदलल्या.

८ ऑक्टोबरला कोनाची पाळी आली. ऑस्ट्रेलियाचा क्रेग अलेक्झांडर तेव्हा ३८ वर्षांचा होता. २००८ आणि २००९ ही दोन्ही विजेतेपदे त्याने पायांच्या जोरावर मिळवली होती, पण २०१०मध्ये सायकलवरच्या आघाडीवीरांनी त्याला इतके मागे टाकले की तो चौथा आला. त्यानंतर त्याने सायकल बदलली आणि सायकलवरचा सरावही नव्याने बांधला. त्या दिवशी त्याची सायकल ४:२४:०५ मध्ये संपली, व्हॅन लिर्डपेक्षा साडेसहा मिनिटे लवकर. मॅरेथॉन मात्र २:४४:०२, म्हणजे व्हॅन लिर्डपेक्षा सव्वादोन मिनिटे हळू. एकूण ८:०३:५६. पंधरा वर्षांचा विक्रम बारा सेकंदांनी मोडला. उत्तम धावणाऱ्याने कच्च्या विषयात मिळवलेले ते गुण होते.

स्त्रियांमध्ये वेलिंग्टन पुन्हा जिंकली. दोनच आठवड्यांपूर्वी ती सायकलवरून पडली होती आणि अंगभर खरचटले होते. तरी तिने मागून येत ८:५५:०८ मध्ये शर्यत घेतली. हे तिचे चौथे विजेतेपद. पुढच्या वर्षाअखेर ती निवृत्त झाली. पूर्ण अंतराच्या तेरा शर्यती, तेराही जिंकलेल्या.

त्यानंतर

एकदा वाट मोकळी झाल्यावर ती पुन्हा चौदा वर्षे बंद झाली नाही. यान फ्रोडेनो हा २००८च्या बीजिंग ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. तो लांब अंतराकडे वळला, २०१५मध्ये कोना जिंकला आणि जुलै २०१६मध्ये रोट येथे ७:३५:३९ वेळ दिली. २०१६मध्येच पॅट्रिक लांगेने कोनात ॲलनची २:४०:०४ ची मॅरेथॉन मागे टाकली. दोन वर्षांनी त्याने ७:५२:३९ मध्ये शर्यत जिंकली आणि कोनात आठ तासांच्या आत येणारा तो पहिला ठरला. टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलेला नॉर्वेचा क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१मध्ये, मेक्सिकोतल्या कोझुमेलला ७:२१:१२ मध्ये आला. पण तिथे समुद्राचा प्रवाह पाठीशी होता. त्याचे पोहणे ३९:४१ मध्ये संपले, आणि शांत पाण्यात अशी वेळ कोणी देत नाही. म्हणूनच या अंतराच्या वेळांना जागतिक विक्रम न म्हणता सर्वोत्तम वेळ म्हणण्याची पद्धत आहे. मार्ग, हवा आणि पाणी यांचा वाटा खेळाडूच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही.

२०२२मध्ये जर्मनीतल्या एका मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर पुढे आडोसा देणाऱ्या साथीदारांसह ब्लुमेनफेल्टने ६:४४:२५ आणि ब्रिटनच्या कॅट मॅथ्यूजने ७:३१:५४ अशा वेळा दिल्या. नियमांत न बसणारा तो प्रयोग होता. तरी हवेचा अडथळा किती वेळ खातो, याचे मोजमाप त्यातून मिळाले. त्याच ऑक्टोबरमध्ये कोनाला पहिल्यांदाच उतरलेला गुस्ताव इडेन ७:४०:२४ मध्ये जिंकला. २०२४मध्ये लांगेने तीही वेळ ७:३५:५३ अशी मोडली. वर जी कागदावरची ७:४५:०८ होती, तिच्याही खाली जिवंत माणसे गेली. म्हणजे बेरीज दोन्ही बाजूंनी चुकली: २०११पर्यंत कोणी तिच्या जवळपास नव्हते आणि पुढच्या तेरा वर्षांत तीच मागे पडली. कार्बनची पट्टी असलेले बूट आणि तासाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त साखर पचवण्याची तयारी यांचा त्यात मोठा हात आहे.

रोटने आपली ख्याती राखली. वेलिंग्टनचा २०११चा विक्रम बारा वर्षांनी, जून २०२३मध्ये, तिथेच स्वित्झर्लंडच्या डानिएला रीफने ८:०८:२१ असा मोडला. रीफही ऑलिंपिकमधूनच आलेली. त्याच दिवशी डेन्मार्कच्या माग्नुस डिटलेवने ७:२४:४० नोंदवली. पुढच्या वर्षी, ७ जुलै २०२४ला, डिटलेव ७:२३:२४ मध्ये आला आणि जर्मनीच्या आने हाउगने २:३८:५२ ची मॅरेथॉन धावून ८:०२:३८ वेळ दिली.

आपल्याकडे हा खेळ पोहोचला तो विक्रमांच्या वाटेने नव्हे. मिलिंद सोमणने २०१५मध्ये, पन्नाशीला टेकलेला असताना, झुरिकची शर्यत १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली आणि ट्रायथलॉन हा शब्द मराठी घरांत गेला. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर कोनाची शर्यत ज्या मालिकेत येते तिच्यातली निम्म्या अंतराची शर्यत भारतात प्रथमच झाली. आज पुणे, नाशिक, कोल्हापूरकडचे डॉक्टर, वकील, पोलीस पहाटे सायकल घेऊन निघतात ते मुदतीच्या आत पोहोचण्यासाठी. त्यांच्यातूनही उद्या एखादा व्यावसायिक खेळाडू घडेल आणि त्याच्याविषयी लगेच बेरजा सुरू होतील. तेव्हा एवढेच पाहावे की तो कोणाबरोबर धावतो आहे. व्हॅन लिर्डचे आकडे इतकी वर्षे टिकले त्यात त्याच्या पराक्रमाचा वाटा होता, तसाच ते मोडू शकणारी माणसे दुसऱ्या मैदानावर होती याचाही. १९८९मध्ये स्कॉट आठ तासांपासून ९२ सेकंदांवर थांबला आणि सात वर्षांत पुरुषांनी ती रेघ ओलांडली. २०२४मध्ये हाउग त्याच रेघेपासून १५८ सेकंदांवर थांबली. आणि यावेळी वेगवान बायका दुसरीकडे गेलेल्या नाहीत, त्या इथेच आहेत.